उलटा फेरा

हिरामण बापूनं हयातीत कुणाला वस्तू हातात दिली नाही. फेकली. तंबाखूची डबी, कांदा, भाकरी, अर्धा भरलेला लोटासुद्धा. हात खालून फिरवायचा आणि म्हणायचा, "दोन्ही हात." तोवर वस्तू तुमच्या छातीवर आलेली असायची. स्वतःच्या साखरपुड्यात त्यानं होणाऱ्या सासऱ्याकडे नारळ असाच फेकला. म्हाताऱ्यानं तो बरोबर झेलला. बापू माझ्या कानाला लागला, "आप्पा, घर चांगलं शे." पोरगी त्यानं अजून पाहिलीही नव्हती.

मी आप्पा, धानोऱ्याचा. बापूच्या बांधाला माझा बांध. मी चार बुकं शिकलो. पाचव्याला मास्तरशी पटलं नाही, त्यात चूक मास्तरची होती.

बापू मात्र गुजरातेत कॉलेजात गेला. लढाईचे दिवस होते. तिथे एक अमेरिकन प्रोफेसर पोरांना सॉफ्टबॉल शिकवायचा. एकानं मधे उभं राहून हात खालून फिरवत चेंडू टाकायचा, दुसऱ्यानं तो दांडक्यानं हाणायचा, आणि ठेवलेल्या गोण्यांना शिवत गोल पळून पुन्हा निघाल्या जागी यायचं, त्या जागेला घर म्हणायचं. बापू त्या संघाचा कप्तान झाला. मग वडील वारले, शिक्षण अर्धं टाकून तो गावी आला. निघताना प्रोफेसर म्हणाला, गावात संघ उभा कर, मी माझी पोरं घेऊन येईन. खेळ पसंत पडला तर नंदुरबारच्या हायस्कुलात खेळाचा मास्तर म्हणून घ्यावं अशी चिठ्ठी देईन.

त्या चिठ्ठीवर बापूचा सगळा जीव. शेतीत त्याला गती नव्हती. बैलसुद्धा त्याचं ऐकत नसत.

मग त्यानं आम्हाला धरलं. जुन्या मोटेच्या कातड्याचे हातमोजे शिवून घेतले. दांडकं बाभळीचं, सुतारानं मुसळ समजून केलेलं. गोण्यांत सरकीची टरफलं. खेळाचं इंग्रजी पुस्तक लाल फडक्यात बांधून तो पोथीसारखं काखेत ठेवायचा आणि उठता बसता म्हणायचा, "कायदा म्हणजे कायदा."

गावात सपाट जागा एकच, होळीची. चेंडू टाकणारा नेमका होळीच्या खड्ड्याशी उभा राहायचा. पहिल्या दिवशी मी चेंडू हाणला तसा बापू ओरडला, "उजवीकडे पय, आप्पा."

मी जागचा हललो नाही. उजवीकडून पळायचं म्हणजे होळी डाव्या हाताला. तसा फेरा चितेभोवती घालतात.

"मी उलटा फेरा मारसू नही," मी म्हटलं.

"हाऊ खेळ शे, मैत नही."

"मंग तूच मार."

मी दांडकं टाकून निघालो. माझ्यामागे सहा भाऊबंद निघाले. उरले दोघं, त्यातला एक लंगडा.

दुसऱ्या सकाळी बापू पोथी घेऊन दारात आला. एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "नीट वाचं. कायद्यात दोन्हीकडून चालस."

मी पान पाहिलं. इंग्रजी अक्षरं, नुसत्या मुंग्या. पण कायद्यात आहे म्हटल्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. चार वर्षं आम्ही प्रदक्षिणेसारखे पळालो. समोर खेळायला संघच नव्हता. आमचेच दोन भाग करायचे आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना गूळ-शेंगदाणे खाऊ घालायचे.

शेवटी प्रोफेसर आला. नंदुरबार स्टेशनावरून बैलगाडीत बसून, टोपी सांभाळत. पंच तोच. सगळं गाव जमलं.

पाहुण्यांचा पहिला गडी चेंडू हाणून उजवीकडे पळाला. गाव हसलं. "पाव्हणा वाट चुकना," कुणी म्हणालं. दुसराही उजवीकडेच गेला. तिसरा गेला तेव्हा कुणी हसलं नाही. मी बापूकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. ती बांधलेलीच होती.

आमची पाळी आली. मी चेंडू पार कपाशीत घालवला. त्या दिवशी तेवढा लांब कुणी हाणला नाही, हे लिहून ठेवतो. नेहमीसारखा डावीकडून सगळ्या गोण्यांना शिवून घरी आलो. प्रोफेसरनं बाद दिलं.

"कसाले बाद?" मी त्याच्या तोंडासमोर गेलो.

प्रोफेसर माझ्याशी बोलला नाही. तो बापूकडे गेला आणि हळू आवाजात इंग्रजीत काही विचारलं. बापू मान खाली घालून दोन शब्द बोलला.

पाहुण्यांत एक जळगावकडचा खेळाडू होता. त्याला मी विचारलं, काय बोलले?

तो म्हणाला, "सरांनी विचारलं, पहिली गोणी कुठल्या बाजूला ते तुला माहीत नाही? हे म्हणाले, विसरलो."

म्हणजे त्या पानावर तसलं काही नव्हतंच. आणि ज्याला पोथी पाठ, तो आपल्या गुरूपुढे विसरलो म्हणाला. माझी माणसं उलटं पळायला तयार नव्हती, असं म्हणाला असता तर चिठ्ठी मिळाली असती. पण मग गाडीतून जाताना ती पोरं आम्हाला हसली असती.

आम्ही हरलो. प्रोफेसर जाताना म्हणाला, पुढल्या साली परत येतो, तोवर आठवून ठेव. चिठ्ठी दिली नाही.

मी हयातीत कुणाची माफी मागितलेली नाही. तेव्हाही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना मैदानात गेलो. बापू सामान आवरत होता. उजवीकडची पहिली गोणी गाडीत चढली होती, बाकीच्या खालीच होत्या.

"एक चेंडू टाक," मी म्हटलं.

"कसाले आते?"

"टाक म्हटलं ना."

तो होळीच्या खड्ड्याशी गेला. टाकला. मी हाणला आणि उजवीकडे निघालो. पाय ऐकत नव्हते, सारखे डावीकडे ओढत होते. बापू गाडीकडे सुटला, गोणी खाली ओढली आणि मी पोचायच्या आत माझ्यापुढे आणून टाकली. गोणी फाटून टरफलं त्याच्या मिशीत गेली होती.

"पय, आप्पा," तो धापा टाकत म्हणाला, "पुढली जागावरच शे."