राहणाऱ्याचा रकाना

दिगंबर परब रोज सकाळी दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करायचे.

पावणेसहाला दोह्यातल्या नजमा वस्तीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची. आम्ही सगळे अर्धवट झोपेत, कुणाचा शर्ट उलटा, कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली. परब मात्र इस्त्रीच्या कपड्यांत, भांग पाडून, मांडीवर डबा ठेवून पहिल्या सीटवर बसलेले. टॉवर क्रेनचा ऑपरेटर वर्गीस चढला की ते त्याचं मनगट धरायचे. "पेट ठीक है ना?" वर्गीस ठीक म्हणाला तरी त्याचं मनगट लगेच सुटत नसे. परब त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग माझ्याकडे वळून मालवणीत, "आणि तुजां? पोट बरां मा?"

मी टाइमकीपर. माझ्या पोटाशी त्यांचं काही काम नव्हतं. पण एकट्या वर्गीसलाच विचारणं बरं दिसत नाही म्हणून ते सगळ्या बसला विचारत.

परब क्रेनचे रिलीव्हर होते. म्हणजे असं, की वर्गीस आजारी पडला तर त्यांनी वर चढायचं. तो आजारी नसेल तर खाली राहायचं, वायर रोपला ग्रीस लावायचं, हुक तपासायचा, आणि मान वर करून बघत बसायचं. वर्गीस तिशीतला, रोज सकाळी व्यायाम करणारा माणूस. तीन वर्षांत तो चार दिवस आजारी पडला. साइटवर परबांना सगळे स्टेपनी म्हणत. तोंडावर म्हणत. परब हसून घेत.

"स्टेपनीत हवा भरलेली असली म्हणजे झालं," ते म्हणायचे. "तयार असलेला बरा."

हे त्यांचं पालुपद. आमच्या खोलीत परबांसकट आम्ही चौघं राहत होतो. तिथे पाण्याची बादली भरलेली, कंदिलात तेल भरलेलं, टॉर्चमध्ये नवे सेल. दोह्यात वीज कधी जायची नाही, तरी कंदील. सुट्टीच्या शुक्रवारीही सकाळी पावणेसहाला परब बूट घालून पलंगावर बसलेले. न जाणो, कुणी बोलवायला आलं तर.

कुणी येत नसे.

त्यांच्याबद्दल साइटवर दोन मतं होती. एक, की हा कामचुकार आहे. कंपनीने दोनदा दुसऱ्या क्रेनवर कायमची जागा देऊ केली होती आणि दोन्ही वेळा परबांनी ती नाकारली होती. दुसरं मत, की हा गिधाड आहे, वर्गीस कधी पडतो याची वाट बघतोय. वर्गीसला स्वतःला दुसरं पटत होतं. सर्दी झाली तरी तो परबांसमोर शिंकायचा नाही. मला दोन्ही मतं पटत. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, नाशिकहून नुकताच आलेलो, आणि माणसं आपल्याला लगेच कळतात असं मला वाटायचं.

चौऱ्यांशी साल उजाडलं आणि बातमी आली, की आपला एक माणूस रशियाच्या यानातून वरच्या अंतराळस्थानकावर जाणार. साइटवरचे सगळे हिंदी लोक खूश. परबांनी मात्र रेडिओवर भलतंच ऐकलं. तयारी दोघांची झालीय. जाणार एक. दुसरा राखीव.

"देवरे," ते मला म्हणाले, "त्या दुसऱ्याचं काय?"

"काय म्हणजे? तो राहणार."

"ते कळलं. पण त्या दिवशी तो काय करतो?"

हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. परबांनी छंदच घेतला. खरखरणाऱ्या ट्रान्झिस्टरला कान लावून हिंदी बातम्या ऐकायच्या, जुनी मासिकं मागून आणायची, आधीच्या मोहिमांचं वर्णन सापडलं की मला इंग्रजी वाचायला लावायचं. नकाशाचा एक मोठा रद्द झालेला कागद उलटा करून त्यांनी त्यावर उड्डाणाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहिलं, दोह्याच्या वेळेत, आणि माझ्या केबिनमध्ये हजेरी कार्डांच्या रॅकशेजारी चिकटवलं. दोन रकाने. डावीकडे 'जाणारा', उजवीकडे 'राहणारा'.

जाणारा: सकाळी उठणे. डॉक्टर. अंघोळ. जेवण, हलके. बस. पोशाख चढवणे, कुठे हवा गळत नाही ना ते बघणे. साहेबांना सलाम. शिडी. आत बसून राहणे, दोन तासांच्या वर. चार वाजून आठ मिनिटांनी उड्डाण. नवव्या मिनिटाला वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनला जोडणी.

राहणारा: सकाळी उठणे. डॉक्टर. अंघोळ. जेवण, हलके. बस.

त्याखाली काही नव्हतं. बसच्या पुढचं परबांना कुठेच मिळालं नव्हतं. त्यांनी मला एका रेडिओ केंद्राला इंग्रजीत पत्र लिहायला लावलं, की राखीव माणूस उड्डाणाच्या वेळी कुठे उभा असतो, आणि तो नंतर जेवतो कधी. पत्र मी लिहिलं. पोस्टात टाकायचं राहून गेलं, म्हणजे मी टाकलं नाही. मला ते हास्यास्पद वाटलं. परब महिनाभर टपालाची चौकशी करत होते.

"इन्शाल्ला येईल," मी सांगायचो.

आता मी काय केलं ते सांगतो.

मला वाटलं, या माणसाला वर बसायची तहान आहे, आणि ती तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आली नाही. आपला माणूस वर जाईल त्या क्षणी परबही वर असावेत, दोनशे फुटांवर, स्वतःच्या केबिनमध्ये. मी वर्गीसला गाठलं. म्हटलं, साडेतीनला उतर आणि पोट दुखतंय म्हण. तासाभराची गोष्ट. वर्गीसने खांदे उडवले. "चलो, बूढ़े को बैठने दो." तो वाईट माणूस नव्हता. मीही नव्हतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

उड्डाणाच्या दिवशी आमच्याकडे स्लॅबचं काम होतं. काँक्रीटचे मिक्सर रांगेत उभे. साडेतीनला वर्गीस पोटावर हात धरून खाली उतरला. नाटक बेताचंच करत होता, ओठांवर हसू होतं. मी केबिनच्या दारात उभा राहून गंमत बघत होतो. आत ट्रान्झिस्टर लावलेला, आपल्या रेडिओवरून तिथलं थेट सांगत होते.

परब धावत आले. वर्गीसचं मनगट धरलं. "किधर दुखता है? कब से?" त्याला सावलीत बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मग शिडीकडे गेले, एक पाय ठेवला आणि थांबले. वळून परत आले.

"वर्गीस, सच बोल. दुखता है?"

वर्गीस हसला. "नहीं रे बाबा. देवरेने बोला था. आप जाओ, ऊपर बैठो."

मला वाटलं, आता परब माझ्याकडे बघून हात जोडतील. ते शिडीच्या पहिल्या पायरीवर बसले. त्यांचे हात थरथरत होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

फोरमन आला. "यल्ला, परब, ऊपर."

"हाथ ठीक नहीं है," परब म्हणाले. आणि हे खरं होतं. तसल्या हातांनी कुणी क्रेन चालवू नये.

"तो वर्गीस जाएगा."

वर्गीस उठला. परब उठून शिडीच्या आडवे उभे राहिले. "ये नहीं जाएगा. इसने पेट दुखता है बोला है. आज ये ऊपर नहीं चढ़ेगा."

वर्गीस पुन्हा पुन्हा सांगत होता, की मला काही झालेलं नाही. फोरमन समजावत होता, मग ओरडत होता. परबांनी शिडीचे दोन्ही दांडे धरले होते. पंचेचाळिशीतला बारकासा माणूस, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. हुकाला माल बांधणाऱ्या दोघा रिगरनी त्यांना ओढलं तरी हात सुटेनात. वर काँक्रीटची बकेट अधांतरी, खाली मिक्सरची रांग हॉर्न वाजवतेय. पाऊण तास असा गेला. एका बकेटमधलं काँक्रीट घट्ट झालं. या सगळ्यात केव्हातरी चार वाजून आठ मिनिटं झाली. माझ्या केबिनमध्ये रेडिओ एकटाच बोलत होता.

संध्याकाळी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "परब, चूक माझी. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. मग त्यांनी सांगितलं. शांतपणे, जणू हजेरी सांगताहेत.

नऊ वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका कंपनीत होते, अल खोरकडच्या कामावर. तेव्हा तिथल्या फिरत्या क्रेनचे मुख्य ऑपरेटर तेच. रिलीव्हर होता रघू माने, कराडच्या बाजूचा, वर्षभरापूर्वीच लग्न झालेला. परबांची मुलगी त्यांच्या माघारी जन्मली होती. गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर बायकोने कॅसेट पाठवली, मुलीचा आवाज भरून. खोलीत आठ माणसं. धड ऐकता येईना. म्हणून एका सकाळी परब म्हणाले, पोट दुखतंय.

"खोली रिकामी झाली," ते म्हणाले. "मी चार वेळा ऐकली. ती 'बाबा' म्हणत नव्हती हां, नुसतीच हुंकार देत होती. पाचव्यांदा लावली आणि दारावर थाप पडली."

क्रेन कलंडली होती. रघूचा उजवा पाय मांडीपासून गेला.

"जमीन भुसभुशीत होती," परब म्हणाले. "मला ठाऊक होतं ती कुठे भुसभुशीत आहे. त्याला कोण सांगणार? मी पोट धरून झोपलेला."

त्यानंतर ते मुख्य जागेवर कधी बसले नाहीत. आपल्या जागी कुणाला पाठवावं लागू नये म्हणून ते कायम दुसऱ्याच्या जागी जायला तयार राहिले. वर्गीसची तब्येत ते रोज विचारत. ती बिघडलेली असती तर त्याला एक मिनिटही वर राहू द्यायचं नव्हतं, एवढंच. आम्ही त्या चौकशीला गिधाडाची वाट समजत होतो.

मी विचारलं, "रघूला नंतर भेटलात?"

"कसल्या तोंडाने," ते म्हणाले, आणि नजमा आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यान स्टेशनला जोडलं गेलं. त्याच दुपारी फोरमनचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. हुकूम मानला नाही, कामात अडथळा आणला, व्हिसा रद्द. टाइप करायचं काम माझंच होतं. मी फोरमनकडे जाऊन सगळं सांगू शकलो असतो. पोटदुखी माझी कल्पना होती हे सांगू शकलो असतो. दारापर्यंत गेलोही. पण माझा पहिला करार संपायला चार महिने होते, आणि घरी लग्नाची बोलणी चालली होती. मी परत येऊन बसलो आणि कागद मशीनमध्ये घातला. एकही चूक न करता टाइप केलं. परबांनी सही करताना मला म्हटलं, "तू काय करशील बाबा. खलास झालं ते झालं." त्यांना वाटत होतं, माझ्या हातात काही नव्हतं.

सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. त्यांच्या गावाहून, कुडाळहून नाही, कराडहून.

'गावी जाण्याआधी रघूकडे गेलो. त्याने ओळखत नाही म्हणत दार लावलं. दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या बायकोने अंगणात पाणी आणून दिलं, तो बाहेर आला नाही. घरी जाऊन मुलीला बघून आलो, ती आता माझ्या खांद्याला लागते. मग पुन्हा गेलो. सगळं सांगितलं, कॅसेटचंही. तो खूप बोलला. वाईट बोलला. ऐकून घेतलं. निघताना म्हणाला, पुढच्या महिन्यात ये. आता दर महिन्याला जातो. तो अजून नीट बोलत नाही. पण परवा त्याने मला बस म्हटलं.'

खाली कुडाळचा पत्ता होता, आणि एक ओळ: 'सुट्टीत आलास की ये.'

त्यानंतर मी अकरा वेळा सुट्टीवर गेलो. दोनदा गोव्याला जाताना गाडी कुडाळवरून गेली. बायको म्हणाली, "तुमचे ते परब इथलेच ना? भेटून घ्या."

मी म्हटलं, उशीर होतोय.