बांगड्याशेजारची केळी

उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधला कुठलाही फ्रीजर उघडा, आत इनास अंकलचं फळ सापडेल. कुणाकडे चिकू, कुणाकडे कलिंगड, कुणाकडे आंबा. आमच्याकडे केळी असतात. सोललेली, चकत्या केलेली, स्टीलच्या डब्यात बंद. डबा आमचा नाही, केळी आमची नाहीत, फक्त फ्रीजर आमचा. तरी त्या डब्याला घरात जो मान आहे तो मला बारावी पास झाल्यावरही मिळाला नव्हता.

इनास अंकल सातव्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे वसईजवळच्या पापडीचे. तिथे त्यांच्या भावाची वाडी आहे आणि फळं तिथूनच येतात. नायगावला फ्लॅट घेतला तो आंटीचे गुडघे गेले म्हणून, कारण इथे लिफ्ट आहे. आंटी पुढच्याच वर्षी वारल्या. अंकल राहिले आणि लिफ्ट राहिली.

अंकल स्मूदी करतात. कुणी तिला ज्यूस म्हटलं की ते क्षणभर डोळे मिटतात आणि मग शांतपणे समजावतात, "ज्यूस धावतो. मिल्कशेक चालतो. स्मूदी बसून राहते. ग्लास उलटा केला तरी तिला उठायची घाई नसते."

त्यांचा मुख्य नियम असा की स्मूदीत बर्फ घालायचा नाही. फळच गोठवायचं, तोच बर्फ. "बर्फ म्हणजे पाणी," ते म्हणतात. "पाहुण्याला पाणीच पाजायचं तर नळ आहे की."

आमचे सेक्रेटरी कदमकाका यांनी मुलाच्या वाढदिवसाला हा नियम मोडला. ऑफिसमधले लोक अंदाजापेक्षा जास्त आले, म्हणून त्यांनी अंकलची पाठ वळताच मिक्सरमध्ये बर्फ टाकला. अंकलनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कदम, अभिनंदन. तुमच्या टाकीचं पाणी गोड झालं." पुढे कितीतरी दिवस कदमकाका लिफ्ट सोडून जिन्याने जायचे.

गोठवलेलं फळ लागतं म्हणून फ्रीजर लागतात. अंकल पहिल्यांदा आमच्या घरी आले ते हातात डबा घेऊन. नाव सांगितलं, चप्पल काढली, सरळ फ्रीजपाशी गेले, फ्रीजरचं दार उघडलं आणि आत नाक घालून वास घेतला. आई पदराला हात पुसत बघत राहिली. आम्ही मूळचे गुहागरकडचे. आमच्या फ्रीजरला कसला वास असणार हे सांगायची गरज नाही.

"बांगडा," अंकल म्हणाले. "परवाचा."

"कालचा," आई म्हणाली.

"केळं सहन करेल. आंबा नाही करणार."

ते गेल्यावर आई तासभर भांडी आपटत होती. "माझ्या फ्रीजला नावं ठेवतो. स्वतःच्या गावात काय पालापाचोळा खातात?" बाबा सातिवलीच्या कारखान्यातून दमून आले होते. त्यांनी एवढंच विचारलं की ती केळी आपण खायची आहेत का. त्यावर आईने आणखी एक भांडं आपटलं.

लवकरच बिल्डिंगमध्ये कळलं की अंकलनी दुसऱ्या मजल्यावरच्या यादवभाभींकडे हापूस ठेवला आहे. त्यांच्याकडे कांदासुद्धा शिजत नाही. भाभींनी हे कुणाला मुद्दाम सांगितलं नाही. फक्त लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला म्हणायच्या, "हमारे यहाँ तो आम रखा है ना, लाइट जाती है तो टेंशन होता है." यावरून घराघरांत फ्रीजर धुण्याची साथ आली. आईनेही सोडा आणि लिंबू लावून आमचा फ्रीजर घासला. अंकल आले, वास घेतला आणि म्हणाले, "आता लिंबू घातलेला बांगडा." आमची बढती झाली नाही.

डबा ठेवून अंकल जात नसत. सकाळी बेल वाजायची आणि दारात ते उभे. "केळ्यांची तब्येत बघायला आलो." डबा उघडायचे, एक चकती बोटाने दाबायचे, "अजून कोवळी आहे" म्हणायचे आणि खुर्चीत बसायचे. चहा व्हायचा. मग बाबांची पाळी कुठली, आईला कोलंबी कुठे चांगली मिळाली, सगळी विचारपूस. माझं अर्थशास्त्राचं पुस्तक टेबलावर असलं की ते उचलून म्हणायचे, "बाय, आज काय शिकवलं? मला सांग." आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. काय शिकवलं हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. आईबाबा फक्त "झालं का?" विचारतात. मी अडखळत मागणी आणि पुरवठा सांगायचे. अंकल लक्ष देऊन ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणजे केळ्यासारखंच." सगळं केळ्यासारखंच असायचं. माझ्या सरांपेक्षा हे मला जास्त समजायचं, पण परीक्षेत लिहिता येत नव्हतं.

मे महिन्यात गच्चीवर सोसायटीचं स्नेहसंमेलन असतं. त्यात भाषणं होतात, लहान मुलं नाचतात आणि लोक स्मूदीसाठी थांबतात. अंकल गच्चीच्या जिन्यात उभे राहून खाली हाक देतात, "दुसरा मजला, आंबा वर सोडा. चौथा मजला, केळी." चौथा मजला म्हणजे आम्ही. आई साडी नेसून, डबा दोन्ही हातांत धरून वर जाते. मिक्सर फिरतो, सायीचं दही पडतं आणि पहिला ग्लास ज्याने डबा आणला त्याला मिळतो.

यंदा मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रारी आल्या. आइस्क्रीम ठेवायला जागा नाही, मटार ठेवायला जागा नाही, अंकल सकाळी फार लवकर बेल वाजवतात. कदमकाकांना तोडगे काढायला फार आवडतात. त्यांनी ठराव मांडला: अंकलना घरोघर फिरण्याचा त्रास होतो, तेव्हा त्यांच्या सेवेचा गौरव म्हणून सोसायटीतर्फे एक डीप फ्रीझर घ्यावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने जरा जास्तच.

डीप फ्रीझर सोसायटीच्या ऑफिसात बसला. त्याला हार घातला, नारळ फोडला. अंकलच्या खांद्यावर शाल घालून कदमकाका म्हणाले, "अंकल, आता कुणाचं दार वाजवायला नको." अंकल म्हणाले, "छान आहे. मोठा आहे." संध्याकाळी ते पिशवी घेऊन आले, आमच्याकडचा डबा काढला, "थँक्यू हं" म्हणाले आणि दारातूनच गेले. चहाला थांबले नाहीत.

त्यानंतर सकाळची बेल वाजली नाही. आईने मोकळ्या जागेत मटार ठेवले. दोनतीनदा ती सकाळी चहाचं आधण जास्त ठेवून बसली आणि मग बाबांनाच दोन कप दिले.

स्नेहसंमेलनाला अंकल गच्चीवर आलेच नाहीत. भाषणं संपली, नाच संपले, लोक रिकामे ग्लास घेऊन उभे. कदमकाकांनी मला पिटाळलं. "जा गं, बघून ये. तुझं ऐकतील."

अंकलनी दार उघडलं. "आज अंगात जोर नाही, बाय. मिक्सर घेऊन जा. दही फ्रीजमध्ये आहे. कदमला सांग, कर म्हणावं, कसंही कर."

दही घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले. अंकलचा फ्रीज दोन दारांचा, आमच्या दुप्पट. मी चुकून वरचं दार उघडलं. तो फ्रीजर होता. स्वच्छ, पांढरा आणि रिकामा. त्यात बर्फसुद्धा नव्हता.

मला बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. "अंकल, इथे तर सगळ्यांचं फळ मावलं असतं."

"मावलं असतं ना," अंकल म्हणाले. ते दाराला टेकून उभे होते. "आमच्या पापडीला मागच्या दाराला बेल नव्हती. आत शिरायचं, बसायचं, मग काय काम होतं ते आठवायचं. नसलं तरी चालायचं. इथे बेल आहे. बेल वाजवली की आधी विचारतात, काय काम."

मी दही घेतलं, फ्रीजर हळू बंद केला आणि म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर कदमकाका बर्फ घालतील."

अंकलनी आत जाऊन शर्ट बदलला.

ते मिक्सरची वायर जोडत होते तेवढ्यात मी आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मला वाटलं तिला समजलं नाही. तोवर कदमकाकांनी खालून सगळे डबे एका मोठ्या टोपल्यात घालून आणले होते. आई पुढे गेली, एक डबा उघडला आणि नाक आत घातलं.

"अंकल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या नव्या फ्रीझरला वास येतो."

"वहिनी, नवाकोरा आहे तो," कदमकाका म्हणाले.

"म्हणूनच. प्लास्टिकचा वास. केळं सहन करेल. आंबा नाही करणार."

अंकलनी आईकडे पाहिलं, मग डबा हातात घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. असा वास त्यांनी कुणाच्याच फ्रीजरचा घेतला नव्हता.

"केळंसुद्धा नाही करणार," ते म्हणाले.

"हमको भी लगा था," यादवभाभी घाईघाईने म्हणाल्या. हापूस दुसरीकडे जाईल अशी त्यांना भीती वाटली असावी.

डीप फ्रीझर अजून सोसायटीच्या ऑफिसातच आहे. कदमकाका त्यात जुन्या फायली ठेवतात.

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आईने आदल्या रात्रीच मटार काढून शिजवून टाकले होते. पहाटेच्या बाजारातून बांगडे मात्र तिने नेहमीसारखेच आणले होते, ते फ्रीजरमध्ये एका बाजूला सरकवलेले. अंकलनी चप्पल काढली, दार उघडलं, वाकून वास घेतला.

"आजचा," ते म्हणाले.

"आजचाच," आई म्हणाली.

त्यांनी बांगड्यांशेजारी डबा ठेवला आणि खुर्चीत बसले. चहा झाला, माझं पुस्तक झालं, ते गेले. मग आईने उत्सुकतेने डबा उघडला. आत हापूस होता.