लालला लाल, काळीला काळी

तुम्हाला म्हणून सांगतो, वायर दिसली की माझे हात शिवशिवतात. मिक्सर, इस्त्री, दारावरची घंटा, घरातलं सगळं माझं उघडून झालंय. त्यातलं किती परत बंद झालं, असं बायको विचारते, पण तिला या विषयातलं काही कळत नाही.

म्हणूनच सासरेबुवांच्या निरोप समारंभाच्या साउंडचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. सासरे गणिताचे मास्तर. अख्खी हयात एका शाळेत गेली, आणि आता त्याच शाळेच्या सभागृहात त्यांचं शेवटचं भाषण होतं. महिनाभर ते आरशासमोर तयारी करत होते. माझ्याबद्दल त्यांचं मत लग्नापासून पक्कं: जावई माणूस चांगला आहे, फक्त त्याच्या हातात पक्कड देऊ नका. ते मत मला त्या दिवशी खोडून काढायचं होतं.

शाळेकडे एक अ‍ॅम्प्लिफायर होता आणि दोन स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात दोन भाग असतात, एकेक भाग एकेक स्पीकर सांभाळतो. साधा माणूस तसं जोडतो आणि घरी जातो. मला मात्र मागच्या बाजूला 'ब्रिज' लिहिलेलं बटण दिसलं. ते दाबलं की दोन्ही भाग एका जुवाला जुंपले जातात आणि ताकद कितीतरी वाढते, हे मी वाचलं होतं. अर्धंच वाचलं होतं, पण ते नंतर कळलं. बटण दाबलं. आता आवाज बाहेर पडायची जागा एक आणि स्पीकर दोन. मग लालला लाल, काळीला काळी वायर लावून दोघांनाही तिथेच अडकवलं. रंगाला रंग जुळल्यावर चुकायचं काय? वायरींचा गुंता दिसू नये म्हणून अ‍ॅम्प्लिफायर भिंतीला टेकवून ठेवला. शेजारच्या वर्गात परीक्षा चालू होती, त्यामुळे माइकवर हळूच 'हॅलो हॅलो' केलं. आवाज काय सुरेख आला!

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. सासऱ्यांनी हळू आवाजात सुरुवात केली आणि मी पहिल्या रांगेत छाती फुगवून बसलो. मग पहिला जोरकस मुद्दा आला. "गणित चुकलं तर चालेल," सासऱ्यांनी आवाज चढवला, "पण माणसाने..."

खट. आवाज गेला. अ‍ॅम्प्लिफायरवर लाल दिवा लागला.

सासरे दचकून थांबले, हात तसाच हवेत. मागच्या रांगांना वाटलं, सरांना भरून आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरेपर्यंत दिवा हिरवा झाला होता आणि सासरे पुढे बोलू लागले. हळू बोलले की सगळं छान, आवाज चढला की खट. आणि प्रत्येक वेळी टाळ्या.

मी वाकून अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेलो. बायको आधीच तिथे पोचली होती. तो भिंतीपासून जरा पुढे ओढून, मागची पट्टी वाचत ती कुजबुजली, ब्रिज केल्यावर स्पीकरचा अडथळा कमीत कमी आठ ओहम हवा. स्पीकरवर चार-चार लिहिलेलं होतं.

"मग चार आणि चार आठच की," मी म्हणालो.

"एकामागे एक जोडले असते तर आठ. तू शेजारी शेजारी जोडलेत. टाकीला दोन नळ लावल्यावर पाणी जास्तच सुटतं ना? तसा अडथळा निम्मा, झाले दोन ओहम. आवाज चढला की ते याला झेपत नाही, म्हणून तो स्वतःच बंद पडतो." शेवटी ती मास्तरांचीच मुलगी. "आणि आता हात लावलास तर बघ."

मी कार्यक्रमपत्रिकेने त्या तापलेल्या डब्याला वारा घालत बसलो. शेवटी ते वाक्य आलं, ज्यासाठी महिनाभर आरसा झिजवला होता. सासऱ्यांनी छातीत श्वास भरला आणि... खट. अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. ते वाक्य माझ्यामुळे कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी चाचरत म्हणालो, "बाबा, ते वायरचं जरा..."

"जावईबापू, लाल दिवा मला स्टेजवरून दिसत होता," सासरे म्हणाले. "पहिल्यांदा दचकलो. नंतर मीच मुद्दाम आवाज चढवत होतो. जन्मभर वर्गात घसा फोडला, टाळी म्हणून एक नाही पडली." मग बायकोचं लक्ष नाही असं बघून हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी वाचनालयात भाषण आहे. साउंड तुम्हीच करा. फक्त नीट जोडू नका."

लग्नानंतर पहिल्यांदा मला सासरी मान मिळाला होता! रविवारी तोच अ‍ॅम्प्लिफायर मागून नेला, तेच बटण दाबलं, लालला लाल, काळीला काळी. स्पीकर तेवढे वाचनालयाचे होते.

सासरे तासभर बोलले. वीस वेळा आवाज चढवला, हात हवेत धरून दिव्याकडे बघत थांबले. दिवा हिरवागार. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत खणखणीत. टाळी एकही नाही, दोघे तर झोपले.

ते स्पीकर सोळा-सोळा ओहमचे होते आणि शेजारी शेजारी जोडल्यावर त्यांचे बरोब्बर आठ होतात, असं घरी आल्यावर बायकोने सांगितलं. म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अगदी बिनचूक जोडलं होतं. सासरे आता भेटेल त्याला सांगतात, याच्या हातात पक्कड देऊ नका.