तुरिदचा घोटा

ईस्टरच्या सुट्टीतल्या पहिल्याच सकाळी बोदिलने कॉफीचा थर्मास टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, "तुरिद, यंदा तुझ्यासाठी खास बेत आहे. नेहमीसारखं तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं नाही. अख्ख्या डोंगराला वळसा! आत्ता निघायचं ते थेट संध्याकाळी घरी टेकायचं."

तुरिदच्या हातातला चीज लावलेला पाव हातातच राहिला. "अगं बाई! खरंच? किती गं छान!"

"मला माहीतच होतं, तू खूश होणार."

खूश कसली? तुरिदला स्की करणं लहानपणापासून मनापासून नकोसं होतं. पण आमच्या नॉर्वेत असलं काही कबूल करायची सोय नाही. इथे मूल स्की पायाला बांधूनच जन्माला येतं असं म्हणतात, आणि बाहेर ऊन पडलेलं असताना घरात बसणं हे चोरीच्या खालोखालचं पाप समजतात. अशा दिवशी कुणी घरात दिसला, तर शेजारी खालच्या आवाजात विचारतात, "बरं नाही का हो त्यांना?" बोदिलने पहिल्यांदा तिला आपल्या डोंगरावरच्या केबिनवर, म्हणजे सुट्टीतल्या लाकडी घरी, बोलावलं तेव्हा "आवडतं ना गं तुला स्की करायला?" असं विचारलं होतं, आणि तुरिद सभ्यपणे "म्हणजे काय!" म्हणून बसली होती. त्या दोन शब्दांची शिक्षा ती दर ईस्टरला भोगत होती. दर वर्षी ती बॅग भरून रहस्यकथा आणायची आणि एकाही खुन्याचा पत्ता न लागता परत न्यायची, कारण दिवसभर बर्फ तुडवून आल्यावर पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे.

खरं सांगून टाकावं असं तिला दर वर्षी वाटे. पण बोदिलइतकी जिवाभावाची मैत्रीण तिला दुसरी नव्हती. स्की नको म्हटलं तर बोदिल पुढच्या वर्षी एखादी टणक गुडघ्यांची मैत्रीण शोधील, ही भीती तिला स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त छळायची. म्हणून मनातल्या मनात कुढत, पण हसतमुखाने, ती दर वर्षी निघायची.

दोघी बाहेर आल्या. आकाश निळंशार, ऊन असं लख्ख की पळवाटेला ढगाएवढीही जागा नव्हती. बोदिल स्कीच्या तळाला मेण घासू लागली. तुरिदने डोंगराकडे पाहिलं, डोंगराने तुरिदकडे पाहिलं, आणि तिने ठरवलं की आपला पाय मुरगळणार. सरपणाच्या ढिगाशेजारी बर्फ मऊ होता. ती तिथे गेली, जागा नीट बघून घेतली आणि "आई गं!" करून आडवी झाली.

"काय झालं गं?" बोदिल धावत आली.

"घोटा! तू जा हो बोदिल, माझ्यासाठी थांबू नकोस. मी बसते आपली एकटी घरात."

"भलतंच काय! मी तुला सोडून जाईन?" बोदिल म्हणाली. तिच्या आवाजात नको इतका उत्साह होता, पण तुरिद कण्हण्यात गुंतलेली असल्यामुळे तिच्या ते लक्षात आलं नाही.

दोघी गुपचूप आत गेल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण शेजारच्या केबिनचा ओडवार आपल्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होता. त्याने तिला पडताना पाहिलं. निवृत्त मुख्याध्यापक तो, कुणी पडल्यावर गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. "हलवू नका त्यांना!" तो तिथूनच ओरडला. "मी बचाव पथकाला फोन करतो!"

"नको नको, एवढं काही नाही," तुरिद म्हणाली.

"धक्क्यात माणूस असंच बोलतो," ओडवारने आपल्या बायकोला समजावलं आणि फोन लावला.

बचाव पथकाची माणसं सुट्टीभर कुणी पडायचीच वाट बघत असतात. बर्फावरची स्कूटर मागे घसरगाडी ओढत भर्रकन येऊन थांबली आणि सिंद्रे नावाचा उमदा तरुण डॉक्टर खाली उतरला. तोवर आजूबाजूच्या केबिनमधली मंडळी गोळा झाली होती. कुणी घोंगडी आणली, कुणी संत्रं सोलून तुरिदच्या तोंडात कोंबलं.

"फार दुखतंय का?" सिंद्रेने विचारलं.

"थोडंसं. पट्टी बांधली की बस..."

"थोडंसं काय, तुरिद!" बोदिल मध्येच बोलली. "अहो डॉक्टर, मी माझ्या कानांनी ऐकलं. कट्ट असा आवाज आला. नंतर ही क्षणभर बेशुद्धसुद्धा पडली होती."

तुरिद बघतच राहिली. आवाज झाला होता तो सरपणाचा. आणि बेशुद्ध? बोदिल तर खोटं बोलणाऱ्यातली नव्हती!

पण डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला. "मग एक्स-रे काढावाच लागेल. खाली दरीतल्या इस्पितळात नेऊ या." आणि नको नको म्हणेपर्यंत तुरिदला उचलून घसरगाडीत घातलं, घोंगड्यांत गुंडाळलं आणि पट्ट्यांनी असं करकचून बांधलं की नाक तेवढं मोकळं राहिलं. स्कूटर गुरगुरली. समोर तो उभा उतार बघून तिला घाम फुटला. डोंगराला वळसा घालणं परवडलं, पण हे नको!

"थांबा!" ती किंचाळली. "बरा झाला! पाय बरा झाला!"

सिंद्रेने तिला सोडवलं आणि घोटा चाचपला. वर वळवला, खाली वळवला. "अरे वा! काहीच झालेलं नाही. हाड शाबूत, सूज नाही." मग त्याने मोठ्या प्रेमाने आनंदाची बातमी दिली, "मग काय, निघा की दोघी! असं ऊन पुन्हा मिळायचं नाही."

"आई गं!" तुरिदने दुसरा पाय धरला.

"पण मघाशी तर डावा होता."

"दोन्ही!" बोदिल घाईघाईने म्हणाली. "दोन्ही गेलेत हो तिचे."

सिंद्रेने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याच्या शिक्षणात असला आजार नव्हता. पण भोवती एवढी माणसं काळजीने उभी असताना आपल्याला कळत नाही असं तो तरी कसं म्हणणार? "आठवडाभर विश्रांती," असा निकाल देऊन, हातात पट्ट्यांचं पुडकं कोंबून तो निघून गेला.

ओडवार मात्र रेंगाळला. "आठवडाभर? नक्की?" त्याने विचारलं. "म्हणजे उद्या सकाळी तुम्ही दोघी आमच्या खिडकीसमोरून जाणार नाही?"

"नाही ना."

"परवाही नाही?"

"कशा जाणार?"

"वाईट झालं हो, फार वाईट झालं," असं म्हणत तो वळला आणि घराच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला.

दार लागल्यावर तुरिदने मैत्रिणीकडे रोखून पाहिलं. "बोदिल, मी कधी गं बेशुद्ध पडले?"

बोदिल चुलीत लाकूड सारू लागली. "म्हणजे... तसं वाटलं मला."

"माझा पाय मुरगळलाच नव्हता."

बोदिलच्या हातातलं लाकूड खाली पडलं. "नव्हता?"

"मुद्दाम पडले. मला स्की करायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही." तुरिदने एका दमात सांगून टाकलं. "आता हाकलून दे हवं तर."

बोदिल खुर्चीत बसली ती बसलीच. मग तिचे खांदे हलू लागले. रडतेय असं वाटून तुरिद जवळ गेली, तर बाई हसत होत्या. "अगं मूर्ख बये! मी तीन दिवस वादळ यावं म्हणून देवाला साकडं घालतेय!"

"आणि तो डोंगराचा वळसा?"

"तुझ्यासाठी! गेल्या वर्षी तूच म्हणालीस ना, तळ्यापर्यंत जाऊन समाधान होत नाही?"

"ते तू म्हणालीस म्हणून मी 'हो' म्हणाले!"

हसता हसता बोदिलचे डोळे खरोखरच भरून आले. "मला वाटायचं, तू स्कीसाठीच येतेस. स्की नसेल तर या म्हातारीकडे यायला दुसरं आहे काय?"

"तू आहेस ना," तुरिद म्हणाली. "आणखी काय लागतं?" आणि मग दोघी इतक्या वर्षांचं एकदमच रडून-हसून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच निर्लज्ज ऊन पडलं. बोदिलने वॉफल भाजले, तुरिदने पाय वर घेऊन पुस्तक उघडलं. दुपारपर्यंत एक खुनी सापडलासुद्धा. मान वर केली तेव्हा कुठे तिला जाणवलं, की सकाळपासून खिडकीसमोरून एकही माणूस गेलेला नाही. बर्फ कोरा करकरीत होता आणि टेकडीवरच्या झाडून सगळ्या धुरांड्यांतून धूर निघत होता.

इतक्यात दार वाजलं. बाहेर सिंद्रे उभा होता, दमलेला, गोंधळलेला. "तुम्ही दोघी बऱ्या आहात ना? अख्ख्या डोंगरावर चिटपाखरू नाही. आम्हाला वाटलं, बर्फाचा कडा कोसळला की काय. म्हणून घरोघर बघत आलो."

"मग?"

"ओडवारचा घोटा मुरगळलाय. त्याच्या बायकोचाही. वरच्या केबिनमध्ये चौघांचे चार घोटे गेलेत. ओडवार म्हणतो, साथ आहे. वर मला म्हणतो, त्या दोघींना सांगा, घाई करू नका, चांगली महिनाभर विश्रांती घ्या. तुम्ही दोघी सकाळी निघालात की सगळ्यांना लाजेकाजेस्तव मागोमाग निघावं लागतं म्हणे."

दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. सिंद्रे दारात उभा होता. त्याने चुलीकडे पाहिलं, वॉफलकडे पाहिलं, उघड्या पुस्तकाकडे पाहिलं. मग मागे वळून त्या लखलखत्या डोंगराकडे पाहिलं, जिथे पथकाचा प्रमुख त्याची वाट बघत होता.

"त्या पट्ट्या..." तो हळूच म्हणाला, "उरल्या असतील का थोड्या?"

तुरिदने पुस्तक बाजूला ठेवून पुडकं उघडलं. "कुठला पाय?"

सिंद्रेने आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. "कुठला बरा दिसेल?"

बोदिलने त्याच्यासाठी आणखी एक खुर्ची चुलीजवळ ओढली.