रिक्षामागची द्वारका

नवी रिक्षा चांदपाशा पेंटरच्या दुकानातून बाहेर निघाली तेव्हाच बद्रीनाथला घाम फुटला. मागच्या हुडावर नाव बारीक, कोपऱ्यात टाकायला सांगितलं होतं. चांदपाशानं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक काढलं होतं, वर सोनेरी सावली: द्वारका.

“छोटा लिख्या तो पढेंगा कौन?” चांदपाशा म्हणाला.

भीती तीच होती. द्वारका ही बद्रीची मैत्रीण. वाळूजच्या एका कारखान्यात दोघं एकाच लाइनीवर कामाला होती, एकमेकांच्या डब्यातली भाजी खात होती. बद्रीनं नोकरी सोडून रिक्षा घेतली आणि डबा एकट्यानं खायची वेळ आली, तेव्हा त्याला आपल्या मनातलं कळलं. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. द्वारका रिक्षा बघेल, नाव वाचेल आणि समजून घेईल, असा त्याचा बेत. तिचे वडील काकासाहेब यांनाही वाचता येतं, हे त्याच्या ध्यानात रंग वाळल्यावर आलं. काकासाहेब तरुणपणी कुस्त्या खेळलेले होते.

दिवसभर सिग्नलला मागून हॉर्न वाजला की बद्रीला वाटे, नाव वाचूनच वाजवला. रिक्षा उभी करायची ती पाठ भिंतीला लावून. संध्याकाळी बजाजनगरच्या चौकात एक भलामोठा हात आडवा आला. हात काकासाहेबांचा होता.

ते आत बसले नाहीत. मागं गेले आणि बराच वेळ मागंच राहिले.

“उतर खाली.”

बद्री उतरला. मागं जाऊन बघतो तर काकासाहेबांनी टोपी काढून नावाला हात जोडलेले. हल्लीची पोरं रिक्षामागं नाही नाही ते लिहितात, यानं कृष्णाची नगरी लिहिली, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी रिक्षा थेट आपल्या दारात न्यायला लावली. शेजारच्या चतुराबाई हळदकुंकू घेऊन आल्या, गल्ली जमली. काकासाहेबांनी नारळ हातात घेतला आणि पूजेला लेकीला हाक मारली.

द्वारका ताट घेऊन आली आणि स्वतःच्याच नावापुढं उभी राहिली. कुंकवाचं बोट हवेतच थांबलं.

“कोणती द्वारका रे ही?” तिनं हळूच विचारलं.

काकासाहेब हातभर अंतरावर होते. “गुजरातची,” बद्री म्हणाला.

“असं व्हय. मला वाटलं, बजाजनगरची.”

तिचा चेहरा असा उतरला की बद्रीचं भान सुटलं.

“बजाजनगरचीच हाय.”

हळू म्हणायचं होतं, पण भीतीनं आवाज मोठा निघाला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. काकासाहेबांचा नारळ वरच्या वर थांबला. त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती मान खाली घालून आपल्या नावाला कुंकू लावत होती, आणि ते लावणं काही संपत नव्हतं.

“बाप कुठं असतो तुझा?”

“बिडकीनला.”

“काढ गाडी.”

वाटेत आरशात बद्रीला फक्त त्यांच्या मिशा दिसत होत्या आणि मांडीवरचा न फोडलेला नारळ. तो आपल्या डोक्यात फुटणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. बापादेखत की त्याआधी, एवढंच कळत नव्हतं. बिडकीन आलं तसा मागून खांद्यावर हात पडला.

“थांबव.”

बद्रीनं डोळे मिटून ब्रेक दाबला. उघडले तर समोर मिठाईचं दुकान होतं.

“किलोभर पेढे घे,” काकासाहेब म्हणाले. “सोयरीक बोलायला मोकळ्या हातानं जात नसत्यात.”