मंद आचेवरचा फ्लास्क

शुभदाच्या फ्लास्कमध्ये कोकम सरबत भरायचं, असं मी एका रविवारी सकाळी ठरवलं. निर्णय तसा किरकोळ होता. यापेक्षा मोठे निर्णय आमच्या घरात मी घेतही नाही. (मोठे निर्णय शुभदा घेते आणि मला व्हॉट्सॲपवर कळवते.)

शुभदा म्हणजे माझी बायको. सैन्यात डॉक्टर आहे, मेजर. मी मुकुंद, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. तिची बदली जयपूरला झाली तेव्हा मी सांगलीची बरी चाललेली नोकरी सोडून तिच्या मागोमाग इथे आलो. इथल्या मानसरोवर भागात फ्लॅट घेतला, पडदे लावले, दूधवाला ठरवला, आणि सगळं जरा जागेवर येतंय तोच तिची बदली सिक्कीममध्ये पार वरच्या टोकाला झाली. तिथे नवऱ्याला नेता येत नाही. त्यामुळे ज्या गावात मी बायकोसाठी आलो, त्या गावात आता बायको सोडून सगळं काही आहे.

फ्लास्क तिचा. मागच्या खिशात मावणारी, पोटाशी जरा आत वळलेली चपटी बाटली असते ना, तसला. पहिल्या युनिटने निरोपाच्या वेळी दिलेला, प्यूटरचा, वर तिचं नाव कोरलेलं. प्यूटर म्हणजे बहुतेक सगळं कथीलच. दिसायला चांदीसारखं, पण चांदीसारखा तोरा नाही. हिवाळ्यात रविवारी आम्ही शहरामागच्या डोंगरावर चढायचो तेव्हा त्यात थोडी ब्रँडी असायची. "औषध म्हणून," असं ती म्हणायची. डॉक्टरनेच सांगितल्यावर मी कशाला नाही म्हणू? वर पोचलं की त्याच्याच टोपणातून आधी एक घोट ती घ्यायची, मग एक मी. मला हमखास ठसका लागायचा आणि ती हमखास हसायची. मग आम्ही काही न बोलता खालचं शहर बघत बसायचो. आयुष्यात मला आणखी काही हवं होतं असं आठवत नाही.

जाताना बॅग भरता भरता तिने तो फ्लास्क बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे राहू दे. नीट सांभाळ."

सांभाळ म्हटल्यावर कपाटात ठेवून कसं चालेल? मी तो रोज सकाळी पार्कात न्यायला लागलो. ब्रँडी एकट्याने घेववेना. ठसका लागला की हसायला कोणी नसतं, आणि नुसता ठसका म्हणजे निव्वळ खोकला. म्हणून कोकम. माझी बहीण विनया रत्नागिरीहून आगळाच्या बाटल्या पाठवते. रंगही साधारण शोभून दिसला.

तर मी रोज सकाळी त्याच बाकावर बसायचो, टोपणातून दोन-तीन घोट घ्यायचो आणि समोर बघत राहायचो. आमच्या खालच्या मजल्यावर राठोडजी राहतात. निवृत्त आहेत, मिशा अजून नोकरीत आहेत. ते पार्कात चकरा मारायचे. पहिल्यांदा त्यांनी "राम राम मुकुंदजी" म्हटलं. मग नुसती मान हलवली. नंतर नंतर ते माझ्या बाकापाशी आले की चालण्याचा वेग वाढवायचे. मला वाटलं, तब्येत सुधारली असेल.

अडचण अशी झाली की शुभदाने अडीअडचणीला म्हणून त्यांना आपला नंबर देऊन ठेवला होता.

तिचा फोन एरवी संध्याकाळी येतो आणि तोही तिथलं नेटवर्क प्रसन्न असेल तर. त्या दिवशी भर सकाळी आला. आवाज एकदम हळुवार. असा आवाज ती पेशंटच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवते.

"मुकुंद, मी रागावणार नाहीये. खरं सांग. रोज घेतोस?"

"हो," मी म्हणालो. तिला कसं कळलं याचंच मला कौतुक वाटलं.

"किती?"

"दोन टोपणं. फार आठवण आली तर तीन."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

मग ती म्हणाली, "सकाळी सकाळी, मुकुंद?"

"सकाळीच बरं वाटतं गं. पित्तालाही चांगलं."

"पित्ताला? तुला कोणी सांगितलं हे?"

"विनयाने. तीच पाठवते ना तिकडून. बाटल्याच्या बाटल्या."

"विनयाताई पाठवतात?" आता तो हळुवार आवाज गेला. "आणि हे राठोडजींसमोर, पार्कात, माझ्या फ्लास्कमधून?"

"मग कोकम काय लपून प्यायचं?"

मला वाटलं, आता ती हसेल. मी हसण्याची वाटही बघायला लागलो, कारण ते ऐकून बरेच दिवस झाले होते.

"कोकम?" ती ओरडली. "प्यूटरमध्ये कोकम? मुकुंद, दारू लागली असती तरी मी काहीतरी मार्ग काढला असता! आंबट चालत नाही त्याला, आतून खराब होतो! रात्रभर तसाच ठेवतोस का?"

"छे, रोज ओतून टाकतो," मी म्हणालो. (रोज म्हणजे आठवण झाली की.)

"आत्ताच्या आत्ता रिकामा कर. कोमट पाणी, साधा साबण, हलक्या हाताने. मग मऊ फडक्याने पूस, आणि काही झालं तरी..."

इथे नेटवर्क गेलं.

आता शहाणा माणूस काय करेल? फोन पुन्हा लागेपर्यंत थांबेल. पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. ती पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येणार होती. दारातच मी लखलखीत फ्लास्क तिच्या हातात ठेवणार, ती त्यात तोंड बघणार, मग माझ्याकडे बघणार. हे चित्र मी इतक्या वेळा बघितलं की पुढचं सगळं त्या चित्राच्या नादात झालं.

कोमट पाणी आणि साबण, इथपर्यंत मी आज्ञाधारक होतो. मग उजेडात धरून आत डोकावलो तर आत काळपट डाग. तेव्हा मी चिंच काढली. आमच्या सांगलीच्या घरात सणाच्या आदल्या दिवशी देव, समया, तांब्या, सगळं चिंचेने लखलखायचं. आंबट चालत नाही हे मी आत्ताच ऐकलं होतं, पण चिंच आणि आंबट यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. चिंच माझ्या लेखी साफसफाईच्या खात्यात मोडते. चांगलं खसखसून घासलं. आतून पोचेना म्हणून पळीच्या दांड्याला फडकं गुंडाळून घासलं.

आता आतून वाळवायचा कसा? तोंड एवढंसं, दांड्यावरचं फडकं आतल्या कोपऱ्यांत पोचेना. उपडा ठेवला तर थेंब थेंब गळत राहिला. तिचं वाक्य कुठे तुटलं होतं, त्याचा मी विचार केला. काही झालं तरी... काय? काही झालं तरी ओला ठेवू नकोस. दुसरं काय असणार?

आणि इथे माझी बुद्धी चालली. प्यूटर म्हणजे कथील. कथील म्हणजे कल्हई. लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला बसायचा, पितळेची पातेली आतून पांढरीशुभ्र करून द्यायचा, आणि तीच पातेली आई वर्षभर चुलीवर चढवायची. म्हणजे कल्हईचा सगळा जन्म विस्तवावरच जातो, तिला आचेची काय भीती? (कल्हईवाला ती कल्हई विस्तवावर वितळवूनच पातेल्याला लावायचा, हे मी समोर बसून बघितलं होतं. तेव्हा माझं लक्ष त्याच्या भात्याकडे असायचं.) मी गॅस पेटवला, अगदी मंद केला आणि फ्लास्क त्यावर उभा ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात राठोडजी. हातात एक पुस्तिका, चेहऱ्यावर करुणा.

"मुकुंदजी, बुरा मत मानिए. मेरे साले को भी यही लत थी."

"कैसी लत?"

"शुरू में सब यही पूछते हैं," ते म्हणाले आणि आत येऊन सोफ्यावर बसले.

मी त्यांना सांगितलं की ते कोकम आहे. कोकम काय असतं, हे त्यांनी विचारलं. आता जयपूरच्या माणसाला कोकम समजावून सांगायचं म्हणजे आधी कोकण समजावून सांगावं लागतं. मी रातांब्याच्या झाडापासून सुरुवात केली. ते मान डोलवत होते, पण साल्याचीही अशीच काहीतरी कहाणी असायची, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, "रुकिए, दिखाता हूँ," आणि फ्लास्क आणायला स्वयंपाकघरात गेलो.

फ्लास्क खाली बसला होता. दमलेला माणूस जिथे जागा मिळेल तिथे बसतो, तसा तो बर्नरवर बसला होता. बूड वितळून गॅसवर चकचकीत थेंब झाले होते आणि वरचा भाग एका बाजूला कलला होता. "शुभदा" यातलं "शु" शाबूत होतं. पुढचं सगळं ओघळलं होतं.

मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसलो. राठोडजी आत आले. त्यांनी गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी रडतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज से नहीं पीएँगे ना?" ते म्हणाले. मी मानेनेच नाही म्हटलं. ते समाधानाने घरी गेले.

मग मी बाजार पालथा घातला. पण तिथे मिळणाऱ्या प्रत्येक फ्लास्कवर हत्ती होता. जिथे हत्ती नव्हता तिथे उंट होता.

शुभदा आली. दारात मी रिकाम्या हाताने उभा. ती वाळली होती, गाल थंडीने फुटले होते, आणि ती माझ्या घरात उभी होती, एवढंच मला दिसत होतं. बूट काढता काढता तिने विचारलं, "फ्लास्क?"

मी तो टॉवेलमधून आणून तिच्यापुढे ठेवला. तिने उलटसुलट बघितला. बुडाच्या भोकातून माझ्याकडे बघितलं. मग ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, हळूहळू खाली बसली, तरी हसतच होती. मी इतके महिने ज्याची वाट बघत होतो ते हेच हसणं. माझी एवढीशीही तक्रार नव्हती.

"मी हा तुझ्याकडे का ठेवला होता, माहितेय?" डोळे पुसत ती म्हणाली.

"तुझी आठवण राहावी म्हणून."

"नाही रे. तुळस ठेवली असती तर वाळवली असतीस. मासे ठेवले असते तर खाऊ घालून घालून मारले असतेस. म्हटलं, धातू आहे, पडला तरी जगेल."

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण राठोडजी म्हणत होते, तू तासन्‌तास एकाच दिशेला बघत बसायचास. काय बघायचास?"

"पूर्वेकडे बघायचो. सिक्कीम तिकडेच आहे ना."

ती माझ्या शेजारी सरकून बसली आणि खांद्यावर डोकं टेकलं. त्या रविवारी आम्ही डोंगरावर गेलो, ब्रँडी स्टीलच्या वाटीतून घेतली, आणि मला ठसका लागला.

सुट्टी बघता बघता संपली. जयपूर स्टेशनवर गाडी हलता हलता तिने खिशातून एक दगड काढून माझ्या हातात दिला. मुठीएवढा, गुळगुळीत, करडा. "आमच्या कॅम्पखालच्या नदीतला आहे. हा सांभाळ," ती म्हणाली आणि गाडी गेली.

घरी जाताना मेट्रोच्या तपासणीत शिपायाने तो हातात घेतला. "ये क्या है?"

"पत्थर है. मेरी पत्नी ने दिया है."

"पत्थर अंदर नहीं जाएगा साहब. यहीं छोड़ दीजिए."

त्याचं बरोबरच होतं. पण सोडणार कसा? मी बाहेर आलो आणि सिव्हिल लाइन्स, सोडाला असे भाग मागे टाकत सरळ मानसरोवरापर्यंत चालत गेलो. रिक्षा चिक्कार होत्या, पण घरी लवकर पोचून करायचं काय होतं? घरी कोणी नव्हतं.

पोचेपर्यंत दगडाला माझ्या हाताचा घाम आणि रस्त्याची धूळ लागली होती. या वेळी मी काहीही चुकू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कोमट पाणी घेतलं, साधा साबण, हलका हात. मऊ फडक्याने पुसला. चिंच नाही, गॅस नाही. टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ बघत बसलो.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"दगड आहे ना?"

"आहे! एकदम स्वच्छ."

"खालच्या बाजूला मी स्केचपेनने लिहिलंय, ते वाचलंस?"

मी दगड उलटा केला. मग पुन्हा सुलटा केला. चहूबाजूंनी नुसता करडा.

"काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"तीनच तर शब्द होते," ती म्हणाली. माझा जीव कानात गोळा झाला. तिने असं काही लिहून द्यायची आमच्या लग्नात ही पहिलीच वेळ.

"सांग ना गं."

"'हा धुऊ नकोस.'"