अंधाराची तीन प्रतींत मागणी

आमच्या प्रयोगशाळेत पेशींना एक सेंद्रिय रंग लावतात. काचपट्टीवर थेंब टाकायचा, निळा किरण सोडायचा. पेशी रोगट असेल तर हिरवी चमकते, निरोगी असेल तर गप्प बसते. अडचण एवढीच, की ही चमक अंधारातच दिसते, आणि कामाच्या वेळेत एकही दिवा बंद असता कामा नये, असा आमचा सुरक्षा नियम क्रमांक चार आहे. तो मीच लिहिलाय. कार्यालयप्रमुख आहे मी इथला.

त्या सोमवारी आमच्या पेशी-तपासनीस बाई तडक माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, दहा मिनिटं दिवे घालवा ना. पट्टीवर माझ्या बाबांच्या पेशी आहेत. चमक दिसली तर लगेच ऑपरेशन करायचंय."

"बाई, भावना समजतात हो. पण अंधाराची मागणी रीतसर हवी. तीन प्रतींत."

अर्ज विद्युत विभागाकडे गेला. 'आम्ही उजेड पुरवतो, अंधार आमच्या यादीत नाही,' असा शेरा घेऊन परत आला. भांडार विभागाने विचारलं, अंधार किलोत हवा की लिटरमध्ये. तोवर पट्टी अर्जाचा पुरावा म्हणून माझ्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली सुरक्षित होती.

"अहो, उजेडात रंग उडतो, मग चमक कुठली! आणि एका रुग्णामागे रंगाचा थेंब एकदाच मिळतो!" बाई रडकुंडीला आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी उचलली, सूक्ष्मदर्शकावर स्वतःची शाल पांघरली, आत डोकं खुपसलं आणि ओरडल्या, "चमकतंय! हिरवंगार चमकतंय!"

मी कारणे दाखवा नोटीस काढली आणि पट्टी पुन्हा ट्यूबलाइटखाली ठेवली. विनापरवाना अंधारात केलेलं निरीक्षण ग्राह्य कसं धरायचं?

नवव्या दिवशी अंधार मंजूर झाला. समितीचे पाच सदस्य आले, दिवे घालवले आणि एकमेकांचे पाय तुडवत सगळ्यांनी पट्टी पाहिली. ठिपकासुद्धा चमकला नाही. 'निरोगी' असं एकमताने लिहून शिक्का मारला. सर्जननी शिक्का पाहून ऑपरेशन रद्द केलं.

बाईंचे बाबा काठी टेकत आभार मानायला आले. भला माणूस. "पोरीनं उगाच जिवाला घोर लावला होता हो," म्हणाले. बाई दारात उभ्या होत्या, रडत होत्या. आनंदाने असणार.

नियम क्रमांक चार लागू झाल्यापासून आमच्याकडे एकही रोगी निघालेला नाही. तुमचाही अहवाल कालच पाठवला. नॉर्मल आहे. अभिनंदन!